समाजकार्याच्या पदव्युत्तर विभागातली प्राध्यापक भरती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिराती निघायला लागल्या की दोन प्रकारचे फोन येतात. एक उमेदवारांचे: 'सर, मी पात्र आहे का?' दुसरे महाविद्यालयांचे: 'सर, जागा भरायची आहे, सुरुवात कुठून करू?' दोघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, कारण एकाने दुसऱ्याची उत्तरं वाचली तर बराच मनस्ताप वाचतो. सगळं महाराष्ट्रातल्या एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) विभागांना धरून आहे. अपवाद जिथे आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

१. एमएसडब्ल्यूला शिकवायचं तर किमान काय लागतं?

सहायक प्राध्यापक पदासाठी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, त्यात किमान ५५ टक्के गुण, आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). हा पाया यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १८ जुलै २०१८ च्या विनियमांतला आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्के सवलत आहे. ही टक्केवारी ग्रेस गुण न धरता मोजतात. ५४.६ चे 'जवळजवळ ५५' होत नाहीत, आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यावर वाद घालतंच.

सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., ८ वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुणांक लागतो. प्राध्यापकासाठी पीएच.डी., १० वर्षं, १० शोधनिबंध आणि १२० गुणांक.

वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल आहे. समाजकार्याला देशात अशी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे 'समाजकार्य शिकवणाऱ्याला काय आलं पाहिजे' हे ठरवणारं व्यवसायाचं स्वतःचं दार आपल्याकडे नाही. सगळ्या विषयांना एकच मोजपट्टी लागते आणि ती यूजीसीची. पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात.

२. पीएच.डी. सक्तीची झाली ना?

सहायक प्राध्यापकासाठी नाही. २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागांसाठी १ जुलै २०२१ पासून ती सक्तीची करायचं ठरलं होतं. मुदत २०२३ पर्यंत लांबली आणि जुलै २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट (सेटचंच दुसरं नाव) हाच किमान निकष ठेवला. पीएच.डी. ऐच्छिक झाली. तरी छाननीत तिला भरपूर गुण आहेत (प्रश्न १२ पाहा), म्हणून 'ऐच्छिक' या शब्दावर फार विसंबू नका.

उलट प्रश्नही येतो: पीएच.डी. आहे, नेट नाही, चालेल का? यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे पदवी मिळालेल्यांना २०१८ च्या मजकुरात नेटमधून सूट आहे. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्यांना त्यासाठी कुलसचिवांच्या सहीचं पाच अटींचं प्रमाणपत्र लागतं. ते अर्जाच्या वेळी हातात ठेवा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी विद्यापीठात धावणारे उमेदवार मी पाहिले आहेत आणि कुलसचिव नेमके त्याच दिवशी रजेवर असतात.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यावरूनही विचारणा होते. मसुद्यावर भरती होत नसते. जाहिरातीत ज्या विनियमांचा आणि शासन निर्णयाचा उल्लेख आहे, तुमच्या अर्जापुरते तेच खरे.

३. माझ्या नेटच्या निकालात 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी' असं आहे. अर्ज करू का?

सहायक प्राध्यापकासाठी नको. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटातला उमेदवार प्राध्यापकपदासाठी पात्र धरला जात नाही. छाननी करणाऱ्या लिपिकानेही ही ओळ नीट वाचायला हवी. 'नेट पास' एवढंच पाहून बोलावलेला उमेदवार समितीसमोरून परत पाठवणं दोन्ही बाजूंना लाजिरवाणं असतं.

४. सेट चालते की नेटच हवी?

चालते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतूनही देता येते. मर्यादा दोन. ती राज्यापुरती वैध आहे (१ जून २००२ पूर्वी झालेल्या सेट मात्र देशभर चालतात), आणि छाननीत तिला नेटपेक्षा थोडे कमी गुण आहेत. इंदूर किंवा बंगळूरला अर्ज करायचा विचार असेल तर नेट द्या.

५. माझ्या पदवीवर 'एम.ए. (सोशल वर्क)' आहे, एमएसडब्ल्यू नाही. महाविद्यालय अर्ज फेटाळतंय.

फेटाळण्याचं कारण नाही. पदवीचं नाव आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालं, तीच आजची टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि तिची पदवी एम.ए.च आहे. एमएसडब्ल्यू देणाऱ्या संस्थांतल्या कितीतरी ज्येष्ठांकडे हीच पदवी आहे. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि क्षेत्रकार्याच्या (फील्डवर्कच्या) तासांचा पुरावा अर्जाला जोडा, वाद तिथेच मिटतो. महाविद्यालयांना सांगणं असं की जाहिरातीत 'एमएसडब्ल्यू' एवढंच न लिहिता 'समाजकार्य विषयातील पदव्युत्तर पदवी' लिहा.

६. मी समाजशास्त्रात एम.ए. आणि नेट आहे. वस्तीपातळीवर दहा वर्षं काम केलंय. मला का घेत नाहीत?

प्रश्न रास्त आहे, आणि यावर आमच्यातही एकमत नाही. तांत्रिक उत्तर असं की पद ज्या विषयाचं, पदवी आणि नेट त्याच विषयाची लागते. नेटमध्ये समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा संकेतांक १०. समाजशास्त्राच्या नेटवर समाजकार्याचं पद मिळत नाही. जुन्या काळी समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र शिकवायला त्या त्या विषयाची माणसं घेत, आणि विद्यार्थ्यांना त्याचा फायदाच झाला. आज असे विषय बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावर भागवले जातात.

माझं मत विचाराल तर क्षेत्रकार्याचं मार्गदर्शन समाजकार्याचं प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावं. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती स्वतः मार्गदर्शकाखाली केल्याशिवाय दुसऱ्याकडून करून घेता येत नाहीत. पण समाजशास्त्राची बाजू शिकवायला समाजशास्त्राचा माणूस असावा, हेही तितकंच खरं.

७. एमएसडब्ल्यू केलं, पण स्पेशलायझेशन एचआर. नेट 'लेबर वेल्फेअर' विषयात आहे.

ही नेहमीची गाठ आहे. समाजकार्याच्या अनेक महाविद्यालयांत कामगार कल्याण आणि मनुष्यबळ हा एमएसडब्ल्यूचाच एक प्रवाह होता, काही ठिकाणी आजही आहे. नेटमध्ये मात्र कामगार कल्याण, औद्योगिक संबंध, मनुष्यबळ व्यवस्थापन यांचा वेगळा विषय आहे (संकेतांक ५५). पदवी समाजकार्याची आणि नेट ५५ ची असेल, तर समाजकार्याच्या सर्वसाधारण पदासाठी छाननीत हरकत येणार हे गृहीत धरा. पद त्या प्रवाहासाठी काढलेलं असेल तरच आशा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे समाजकार्यातून नेट किंवा सेट पुन्हा देणं. कटकट वाटेल, पण न्यायालयात जाण्यापेक्षा सहा महिन्यांचा अभ्यास स्वस्त.

८. स्वयंसेवी संस्थेत बारा वर्षं काम केलं. हा अनुभव धरतात का?

खरं सांगायचं तर गुणांच्या तक्त्यात नाही. तक्त्यात पदवी, पीएच.डी., नेट, शोधनिबंध, अध्यापनाचा अनुभव आणि पुरस्कार आहेत. मेळघाटातल्या कुपोषणावर बारा वर्षं घातलेल्या माणसाला त्या बारा वर्षांचा एकही गुण मिळत नाही. त्यावर दोन शोधनिबंध लिहिले असतील तर निबंधांचे गुण मिळतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना रुग्ण न तपासलेल्या डॉक्टरने वॉर्डात शिकवावं, असा हा प्रकार. अमेरिकेत तिथली अधिस्वीकृती परिषद समाजकार्याच्या प्रात्यक्षिक विषयांना शिकवणाऱ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागते. आपल्याकडे परिषदच नाही, तर अट कोण घालणार?

तरीही वाटा आहेत. महाविद्यालय जाहिरातीत किमान पात्रतेखाली 'इष्ट' या रकान्यात क्षेत्रातला अनुभव लिहू शकतं. इष्ट अटीवरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही, पण समितीला त्याबद्दल विचारायला अधिकृत कारण मिळतं. दुसरी वाट मुलाखतीतल्या प्रात्यक्षिकाची, ती प्रश्न १३ मध्ये.

उमेदवारांनी आपला अनुभव कागदावर आणावा. 'दहा वर्षे समाजसेवा' या तीन शब्दांनी समितीवर छाप पडत नाही. कोणत्या गावांत किंवा वस्त्यांत, कोणत्या प्रश्नावर, किती सहकाऱ्यांसोबत, एमएसडब्ल्यूच्या किती विद्यार्थ्यांना तुम्ही तिथे क्षेत्रकार्यात मार्गदर्शन केलं, हे संस्थेच्या पत्रावर तारखांसह घ्या. संस्थेतला मार्गदर्शक म्हणून तुम्ही विद्यार्थ्यांच्या अहवालांवर सह्या केल्या असतील, तर त्या नोंदी महाविद्यालयाकडून मागून घ्या. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा तोच, आणि तो कोणीच आणत नाही.

९. नेट नसलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला घेण्याचा काहीच मार्ग नाही?

'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हा एक आहे. यूजीसीने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या क्षेत्रात ज्येष्ठ पातळीवर किमान १५ वर्षं काम केलेली व्यक्ती चालते आणि पदवीची अट आड येत नाही. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. आधीच अध्यापनाच्या पेशात असलेल्यांना ही वाट नाही.

अडचण आकड्यांत आहे. समाजकार्य महाविद्यालयात पदं मोजकी असतात, त्यांचे १० टक्के काढले तर एक माणूसही पूर्ण होत नाही. त्यामुळे ही सोय मोठ्या विद्यापीठांच्या कामाची. लहान महाविद्यालयांनी अशा माणसांना अतिथी व्याख्याते म्हणून आणि क्षेत्रकार्याच्या समूह संमेलनांना (विद्यार्थ्यांच्या गटासोबतच्या चर्चेला) बोलवावं.

१०. समाजकार्य महाविद्यालयं कोणत्या विभागाखाली येतात? उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात गेलो तर त्यांनी परत पाठवलं.

बरोबर पाठवलं. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण विभागाकडे नाहीत. ती सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाकडे आहेत. अनुदान आणि पगार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत, अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिक्षकमान्यता विद्यापीठाकडे. एका पदाला दोन मालक, असं आमच्याकडे गंमतीने म्हणतात.

याचा थेट परिणाम असा की उच्च शिक्षण विभागाने प्राध्यापकांसाठी काही निर्णय काढला की 'आपल्यालाही लागू झाला' असं समजू नका. समाजकार्य महाविद्यालयांसाठी सामाजिक न्याय विभागाचा वेगळा आदेश निघावा लागतो. भरतीची ना-हरकतही त्याच विभागाकडून घ्यायची. विद्यापीठाच्या आवारातला समाजकार्य विभाग मात्र विद्यापीठाचा असतो, त्याला हे लागू नाही. एकाच महाविद्यालयात बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) अनुदानित आणि एमएसडब्ल्यू विनाअनुदानित असंही असतं. अर्ज करण्याआधी पद नेमकं कोणत्या तुकडीचं आहे ते विचारा, संकोच करू नका.

११. आमच्या महाविद्यालयात जागा रिकामी आहे. क्रम काय?

आधी कार्यभार काढा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. यूजीसीच्या हिशेबात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. बरीच महाविद्यालयं फक्त वर्गातले तास मोजतात आणि क्षेत्रकार्य विसरतात. अनेक विद्यापीठांत एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रात असतात. प्रत्येकाचं वैयक्तिक संमेलन (एकेका विद्यार्थ्याशी त्याच्या क्षेत्रकार्यावर चर्चा), समूह संमेलन, अहवालवाचन, संस्थाभेट हे सगळं शिक्षकाचं काम आहे. तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला जे श्रेयांक आणि तास दिले आहेत ते तुकडीनुसार कार्यभारात धरा. ते सोडून दिले तर तुम्ही स्वतःच्या हाताने एक पद कमी करून घेता.

मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं याची नोंदवही. ती अद्ययावत करून विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्गीय कक्षाकडून, म्हणजे बोलीभाषेत 'मावक'कडून, तपासून घ्या. त्यानंतर शासनाची ना-हरकत, विद्यापीठाकडून जाहिरातीच्या मसुद्याला मान्यता, वर्तमानपत्रांत जाहिरात, छाननी, मुलाखत, नेमणूक आदेश, विद्यापीठाची शिक्षकमान्यता आणि शेवटी वेतनाचा प्रस्ताव. कोणती पायरी आधी हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या परिपत्रकात सांगतं, त्यापासून हलू नका. ना-हरकत येण्याआधी दिलेली जाहिरात रद्द करावी लागते आणि तिचा खर्च संस्थेच्या माथी येतो.

जाहिरातीत स्पेशलायझेशन लिहायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न. एकच जागा असेल तर लिहू नका, कारण पाच वर्षांनी तो प्रवाह बंद पडला तर माणूस अधांतरी राहतो.

१२. छाननीत गुण कसे मोजतात?

यूजीसीचे दोन तक्ते आहेत, विद्यापीठासाठी वेगळा आणि महाविद्यालयासाठी वेगळा. दोन्ही १०० गुणांचे. महाविद्यालयाच्या तक्त्यात पदवीला कमाल २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, नेट-जेआरएफला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, शोधनिबंधांना कमाल ६, अध्यापनाच्या अनुभवाला कमाल १० आणि पुरस्काराला ३. विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीचं वजन १५ वर येतं, पीएच.डी. ३० वर जाते आणि शोधनिबंधांना १० मिळतात.

लक्षात घ्या, महाविद्यालयाच्या तक्त्यात पदवीच्या गुणांना शोधनिबंधांच्या साडेतीन पट वजन आहे. बी.ए.ला ५८ टक्के आणि नंतर झपाट्याने वर आलेल्या मुलीला हा तक्ता मारतो. समाजकार्यात अशी मुलं खूप असतात, पहिल्या पिढीतली, पदवी नोकरी करत पूर्ण केलेली.

यूजीसीच्या पद्धतीत हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यासाठी असतात, निवड मुलाखतीवर होते. विद्यापीठांतल्या भरतीसाठी राज्याने शैक्षणिक गुण आणि मुलाखत यांना ठरावीक भार देणारे स्वतंत्र आदेश काढले आहेत. म्हणून विद्यापीठाच्या पदासाठी जाहिरातीतला आदेश क्रमांक शोधून वाचा.

१३. मुलाखतीत काय विचारतात? आम्ही समितीवर आहोत, काय विचारावं?

दोघांना एकच उत्तर देतो. बहुतेक मुलाखती 'समाजकार्याची व्याख्या सांगा' आणि 'सहा पद्धती कोणत्या' यांवर संपतात. ते नेटमध्ये तपासून झालेलं असतं. समितीने दहा मिनिटं क्षेत्रकार्याला द्यावीत.

मी स्वतः गेली काही वर्षं एकच गोष्ट करतो. विद्यार्थ्याच्या अहवालाचा उतारा नाव काढून उमेदवाराच्या हातात देतो. बहुतेक वेळा तो असा असतो: 'आज वस्तीत गेलो. महिलांना भेटलो. त्यांच्या समस्या जाणून घेतल्या. त्यांना मार्गदर्शन केले. समाधान वाटले.' मग सांगतो, समोर हा विद्यार्थी बसला आहे असं समजा आणि त्याचं वैयक्तिक संमेलन घ्या.

काही जण लगेच व्याख्यान सुरू करतात, अहवालाचे प्रकार सांगतात. काही जण रागावतात. चांगला उमेदवार विचारतो: 'कोणत्या गल्लीत गेलास? किती जणी होत्या? पहिलं वाक्य कोण बोललं? तू उभा होतास की बसलास? मार्गदर्शन केलंस म्हणजे नेमकं काय सांगितलंस? समाधान कोणाला वाटलं, तुला की त्यांना?' अशा वेळी समितीतले विद्यापीठाचे प्रतिनिधीसुद्धा कागदावरून मान वर करतात. एकदा सर्वांत जास्त छाननी गुण असलेला उमेदवार या उताऱ्याला 'उत्तम अहवाल' म्हणाला. निवड कोणाची झाली ते सांगत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. बालगृहात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थिनीला तिथल्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि 'कुणाला सांगू नका' अशी गळ घातली. विद्यार्थिनी तुम्हाला फोन करते. तुम्ही काय कराल? गोपनीयतेवर निबंध नको. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते माहीत हवं, आणि त्या मुलीला व घाबरलेल्या विद्यार्थिनीला कसं सांभाळणार हेही सांगता यायला हवं.

भाषेबद्दलही विचारा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या विभागात मराठी अहवाल वाचून त्यावर मराठीत शेरे लिहिता आले पाहिजेत.

१४. निवड समितीत कोण कोण असतं?

महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकासाठी: संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (त्यांपैकी एक विषयतज्ज्ञ) आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले दोन विषयतज्ज्ञ. राखीव प्रवर्गातला, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीत त्या घटकाचं कोणी नसेल तर तसा एक शिक्षणतज्ज्ञ. गणपूर्ती पाचांची, त्यात किमान दोन विषयतज्ज्ञ. विषयतज्ज्ञ म्हणजे समाजकार्याचा तज्ज्ञ. 'सामाजिक शास्त्रे' म्हणून भूगोलाचे प्राध्यापक आलेले पाहिले आहेत, त्यावर नम्रपणे पण लेखी हरकत घ्या.

१५. राखीव जागेवर उमेदवारच आला नाही. खुल्यातून भरू का?

नाही. जागा त्याच प्रवर्गासाठी ठेवून पुन्हा जाहिरात द्यावी लागते. तोवर तासिका तत्त्वावर त्याच प्रवर्गातला उमेदवार शोधा. 'उमेदवार मिळत नाही' असं म्हणणाऱ्या महाविद्यालयांनी जाहिरात कुठे दिली होती ते एकदा तपासावं. जिल्ह्याच्या चौथ्या क्रमांकाच्या दैनिकात आतल्या पानावर दिली असेल तर कोण येणार?

१६. तासिका तत्त्वावर सहा वर्षं शिकवलं. अनुभव धरतील?

बहुतेकदा नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. यूजीसीच्या नियमाप्रमाणे तात्पुरती सेवा धरायची तर तीन गोष्टी हव्यात: नेमणुकीच्या वेळी पूर्ण पात्रता, रीतसर निवड समितीतून निवड, आणि नियमित शिक्षकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसलेला मोबदला. तिसऱ्या अटीत तासिकावाले बाद होतात. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांना तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले, राज्याचा तासिका दर त्याहूनही कमी. म्हणजे नियमाने पगार कमी द्यायचा आणि पगार कमी म्हणून अनुभव नाकारायचा.

तरी प्रत्येक वर्षाचा नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि मानधनाची नोंद जपून ठेवा. छाननीच्या तक्त्यात काही विद्यापीठं मान्यताप्राप्त तासिका सेवा धरतात, काही धरत नाहीत. लेखी विचारा.

१७. पीएच.डी.ची पाच वर्षं अनुभवात येतात का?

पूर्णवेळ संशोधक होतात तर नाही. नोकरीत राहून, कोणतीही रजा न घेता, शिकवत शिकवत केली असेल तर तो काळ अध्यापनाचा अनुभव धरतात.

१८. मनोविकार समाजकार्यात एम.फिल. केलंय. नेटची गरज आहे?

आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करायला ही पदवी महत्त्वाची आहे, पण ते रुग्णालयातल्या पदासाठी. प्राध्यापकपदाला तिचे कमाल ७ गुण मिळतात, नेटमधून सूट नाही. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी एम.फिल. बंद केलं, त्याआधी घेतलेली पदवी मात्र वैध आहे. मनोविकार समाजकार्यासाठी यूजीसीने ही मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती.

१९. अमेरिकेत एमएसडब्ल्यू केलं, आता पुण्यात परत येतोय.

समकक्षता प्रमाणपत्र आधी घ्या, त्याशिवाय छाननीत अर्ज पुढे जात नाही. यूजीसीने परदेशी पदव्यांच्या मान्यतेसाठी एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम काढले आहेत. नेट किंवा सेट लागतेच. तिथला परवाना आणि समुपदेशनाचे तास इथल्या तक्त्यात बसत नाहीत, म्हणजे तुमची आणि प्रश्न ८ मधल्या मेळघाटवाल्यांची गत एकच.

२०. प्रकल्पनिधीतून कंत्राटी नेमणूक मिळतेय. घ्यावी का?

पगार कोणत्या खात्यातून येणार आणि तो निधी किती वर्षांचा आहे, हे आदेशात लिहून घ्या. जून २०२४ मध्ये टीआयएसएसमध्ये टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीवर असलेल्या ५० हून अधिक अध्यापकांना कंत्राट संपत असल्याच्या नोटिसा गेल्या. ट्रस्टने निधीचं आश्वासन दिल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. त्यातले काही जण तिथे अनेक वर्षं शिकवत होते. एवढ्या मोठ्या संस्थेत हे होऊ शकतं, तर तालुक्याच्या महाविद्यालयात 'पुढं बघू' या शब्दावर घर भाड्याने घेऊ नका.

२१. निवड होईल म्हणतात, पण संस्थाचालक 'इमारत निधी' मागताहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि फक्त फोनवर येतो, लेखी कधीच नाही. आकडा सांगताना लोक आवाज खाली करतात.

देऊ नका. ही रक्कम बेकायदेशीर आहे आणि तिची पावती मिळत नाही. पुढे मान्यता अडली, बिंदुनामावलीत चूक निघाली किंवा वेतन प्रस्ताव परत आला तर पैसे परत मागायला तुमच्याकडे कागद नसतो. एका उमेदवाराने शेत विकून रक्कम भरली, पद मान्यतेत अडकलं, चार वर्षं बिनपगारी शिकवलं आणि मग ती तुकडीच बंद झाली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. अनुदानित पदासाठी पैसे मागितले असतील तर तिथे तक्रार करता येते. तक्रार करायची हिंमत नसेल तर निदान जाहिरात, छाननीची यादी आणि मुलाखतपत्र जपून ठेवा. निवडीनंतर माहितीच्या अधिकारात समितीची गुणपत्रकं मागा. मागणारा उमेदवार आहे हे कळलं की पुढच्या मुलाखतीत फरक पडतो, हे मी समितीच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे.